सातवं पिल्लू

बाईंनी उत्तरपत्रिका टिकलीच्या आईसमोर सरकवली. पहिलीच्या बुटक्या बाकाखाली आईचे गुडघे मावत नव्हते. कामावरून तशीच धावत आलेली, एप्रनसुद्धा अंगावरच.

"वाचते घडाघडा," बाई म्हणाल्या, "पण डोक्यात काही शिरत नाही. म्हणून पुन्हा पहिलीतच बसवतोय. हे बघा."

धडा चार ओळींचा होता. कोंबडीची सात पिल्लं फिरायला जातात, सहाच परत येतात. सातवं गवतात झोपलेलं सापडतं. प्रश्न होता, एक पिल्लू कमी का होतं? टिकलीनं लिहिलं होतं, 'तो नर होता.' पिल्लांची आई काय करत होती? 'आई नसते. ट्रे असतो.'

दोन्हींवर लाल फुल्या होत्या.

"हसावं की रडावं, कळेना मला."

आई हसली नाही. पदरानं बोटं पुसून तिनं कागद जवळ ओढला.

"मी अंडी उबवायच्या कारखान्यात आहे, बाई. एकविसाव्या दिवशी यंत्रातून ट्रे निघतात, पिल्लांनी भरलेले. आम्ही पंख बघून निवडतो. माद्या खोक्यात."

"आणि नर?"

"अंडी देत नाहीत ना ते. ठेवत नाहीत." तिनं एप्रन सारखा केला. "शाळेला सुट्टी असली की हिला बरोबर नेते. घरी कुणाच्या भरवशावर सोडू? कोपऱ्यात बसवते. पण पोरीचे डोळे काय मी झाकणार आहे?"

बाई त्या फुल्यांकडे बघत राहिल्या.

"मला कधी बोलली नाही ती."

"आधी यायची ना घरी सांगत. 'आज पिल्लांचं सांगणार होते, पण बाईंना घाई होती.'"

घाई होतीच. पुस्तक उघडण्याआधी 'पिल्लं कुणी कुणी पाहिलीत?' एवढं विचारायला पाच मिनिटं लागली असती. अभ्यासक्रम संपवायच्या धावपळीत बाईंनी ती वर्षभर वाचवली होती.

"मी मुख्याध्यापकांशी बोलते," त्या म्हणाल्या. "पुन्हा पहिलीत बसवायची गरज नाही."

"त्यांच्याकडूनच आले. निकालावर सही झाली म्हणाले, आता बदलता येत नाही." आई उठली. "तशी लहानच आहे ती. एक वर्ष काय."

बाई तिच्या मागोमाग बाहेर आल्या. टिकली व्हरांड्यात एका पायावर उड्या मारत होती. बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या.

"टिकले, आईच्या कारखान्यातली पिल्लं कशी असतात गं? मला सांगशील?"

टिकलीनं उचललेला पाय खाली ठेवला. आईकडे पाहिलं, मग बाईंच्या हातातल्या लाल पेनकडे.

"ते धड्यात नाही, बाई," ती समजावल्यासारखी म्हणाली.