तिसरा अंक

गडचिरोलीच्या बस स्टँडमागे गोकुळाचं टायपिंगचं दुकान होतं. नव्वदच्या दशकातले दोन जुने कॉम्प्युटर. त्यातल्या एकाचा फ्लॉपी ड्राइव्ह बिघडलेला, आणि मुखरूभाऊंचं नाटक नेमकं त्यातच होतं. भाऊंना दिसत नव्हतं. त्यांनी तीन अंक तोंडानं सांगितले, गोकुळानं टाइप केले. दिवाळीनंतर मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, ते नाटक उभं राहणार होतं.

तो कॉम्प्युटर धानोऱ्याच्या सोमाजीनं विकत घेतला. न्यायला आला तेव्हा बस सुटायला आली होती. नाटक दुसऱ्या मशीनवर उतरवायला गोकुळानं दोन्ही मशीनच्या मागच्या सिरियल पोर्टना केबल जोडली. एका बाजूचे स्क्रू आवळले, दुसरी बाजू नुसतीच खुपसली. पडद्यावर फायलींची नावं सरकली.

"झालं का, बाई? गाडी जाईन," सोमाजी दारातून म्हणाला.

"झालं," म्हणत तिनं विकलेल्या मशीनची डिस्क पुसली. सोमाजी मशीन घेऊन गेल्यावर तिनं फाइल उघडली. पहिले दोन अंक नीट आले होते. तिसऱ्याची चार पानं होती, पुढे सगळा कचरा.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले. "लाईट गेली होती, भाऊ. तिसरा अंक उडाला," ती म्हणाली.

"लाईटले काय म्हणावं! बस, पुन्हा सांगतो."

दोन दिवस ते येऊन सांगत गेले. नावाडी बुडतो, त्याची माय वैनगंगेच्या काठावर येते, तिथं भाऊ अडकले.

"इथी तिचं पद होतं. तुले आठवते का वं?"

गोकुळाला एकही ओळ आठवेना. तिनं अक्षरं बडवली होती, पद ऐकलंच नव्हतं.

"माह्यंच डोस्कं गेलं आता," भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले. "म्हातारा झालो."

तिला ते सोसवेना. "भाऊ, लाईट नव्हती गेली. फाइल पुरी आली का नाई, मी पाह्यलंच नाई. घाईत पुसून टाकलं."

भाऊंचा कपाळावरचा हात खाली आला.

"मंग लाईटचं नाव काऊन घेतलं? मी काल लाईनमनले भर चौकात शिव्या देऊन आलो."

तिचे हात कीबोर्डवरून मांडीवर आले.

"चाल, लिही," ते म्हणाले. पद सोडून पुढचा प्रवेश सांगू लागले.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले ते सून सोनीबाईचा हात धरून. तिच्याजवळ वही-पेन होतं. भाऊ सांगत, गोकुळा टाइप करी, आणि शेजारी बसून सोनीबाई तेच शब्द वहीत उतरवून घेई. वही भाऊ आपल्या घरी ठेवणार होते. गोकुळानं तिच्यासाठी पंख्याखाली स्टूल सरकवलं आणि मान खाली घालून टाइप करत राहिली.