दीडपट चादरी, तेवढंच पाणी

दोघी जावांची लाँड्री होती. थोरली गिऱ्हाइकं सांभाळायची, धाकटी यंत्रं. हॉटेलातल्या मळक्या चादरी सकाळी यायच्या आणि संध्याकाळी कडक इस्त्री होऊन परत जायच्या.

हॉटेलानं खोल्या वाढवल्या आणि दीडपट काम देऊ केलं. थोरली हरखली. पण बोअरचं पाणी आहे त्या कामालाच जेमतेम पुरत होतं. तिनं बोअरवाल्याला बोलावलं.

"आणखी दोनशे फूट जाऊ, ताई. पाणी लागणारच," तो म्हणाला.

"लागेल हो," धाकटी म्हणाली, "पण मागच्या खेपेला आपण खाली गेलो आणि शेजारच्या रोपवाटिकेची विहीर तळाला गेली. माळीकाका महिनाभर बोलत नव्हते आपल्याशी."

"मग काय, दारात आलेलं काम परत पाठवू?" थोरली चिडली.

"छे! काम घ्यायचंच. पाणी मात्र आहे तेवढंच."

"जादू शिकलीस की काय?"

धाकटीनं तिला हाताला धरून यंत्रामागं नेलं. चादरी एकदा साबणात धुतल्या जायच्या, मग दोनदा खळबळून निघायच्या. शेवटचं पाणी नळीतून थेट गटारात चाललं होतं, जवळजवळ स्वच्छ.

"हे टाकीत साठवू. पुढच्या चादरी यात धुवायच्या. एका खेपेला तीन पाणी लागतात, आता दोनच लागतील. तुम्हीच हिशेब करा, जाऊबाई."

थोरलीनं मनातल्या मनात केला. "बरं. पण एक जरी तक्रार आली, तर मी बोअरवाल्याला फोन लावणार."

चौथ्याच दिवशी गठ्ठा परत आला. टाकीत साचलेले धागे चादरींबरोबर आलेल्या गडद टॉवेलांना चिकटले होते. थोरलीनं फोन उचलला.

"आजचा दिवस द्या," धाकटी म्हणाली. तिनं जुनी चादर फाडली, दुहेरी करून टाकीच्या तोंडाला ताणून बांधली आणि सगळे टॉवेल पुन्हा धुतले. संध्याकाळी हॉटेलातल्या बाईंनी एकेक टॉवेल उजेडात धरून पाहिला, हुंगला आणि सही केली. त्यानंतर गठ्ठा परत आला नाही.

वर्षअखेरीस हॉटेलाकडून फॉर्म आला: शाश्वत विकासासाठी आपण काय केलंत?

"हा कुठला विकास गं?" थोरलीनं विचारलं.

"उद्याचं पाणी आज न उपसता वाढणं."

"मग सरळ तसं विचारावं ना!" म्हणत थोरलीनं स्वतःच्या हातानं लिहिलं: काम दीडपट झालं. बोअर होती तेवढीच खोल आहे. शेजाऱ्यांच्या विहिरीला पाणी आहे. विश्वास नसेल तर येऊन बघा.

हॉटेलवाले खरंच आले. थोरलीनं त्यांना टाकी, कापड, नळ्या अशा थाटात दाखवल्या, जणू कल्पना तिचीच. धाकटीनं तिला अडवलं नाही. ती टेप घेऊन भिंतीपाशी वाकली होती. पहिल्यांदा खळबळलेलं पाणी साठवायला आणखी एक टाकी तिथं मावेल का, ते ती मोजत होती.