अंतरपाट धरून उभे

लिनोलियमच्या तुकड्यावर माणूस उलटा कोरावा लागतो. उजवा हात डावीकडे, डावा गाल उजवीकडे, अक्षरंसुद्धा आरशात पाहावीत तशी. शाई लागून वर कागद दाबला, की मग तो माणूस सुलटा होऊन जगापुढे येतो. टेकचंद पेंटरला ही विद्या कोणी शिकवली नव्हती. मोडक्या छत्रीच्या काड्या दगडावर घासून त्यानं स्वतःच कोरण्या केल्या होत्या आणि तुमसरहून निघणाऱ्या ‘वैनतीर’ साप्ताहिकासाठी तो दर आठवड्याला एक व्यंगचित्र कोरून देत होता. दुकानाच्या पाट्या, देवळाच्या भिंती आणि हे चित्र. आपल्या बपेरा गावात त्याचं बरं चाललं होतं.

पण त्याचा खरा जीव कीर्तनात. सप्ताह बसला की पेंटर उरायचाच नाही. बुवांच्या मागं झांज घेऊन उभा राहिला की ध्रुपद उचलताना त्याचे डोळे आपोआप मिटत, आणि त्याच्या उजव्या अंगाला, बायांच्या ओळीत, निर्मलाबाईचा आवाज वर चढायचा. पहाटे तलावावरून बगळा उठतो ना, तसा. घाई नाही, धडपड नाही. त्या आवाजामागून चालत गेलं की देव फार लांब नाही, असं टेकचंदला लहानपणापासून वाटत आलं होतं.

अठ्ठ्याऐंशीच्या माघात, सप्ताहाच्या पहिल्या दिवशी, दुपारच्या बसनं ‘वैनतीर’चा गठ्ठा आला आणि मांडवातच सुटला. गड्यांच्या बाजूला हसू फुटलं, ते पसरत बायांच्या बाजूला गेलं. व्यंगचित्रवाल्याला हसू ऐकून बरंच वाटतं, टेकचंदलाही वाटलं. तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, “अरे, हे त आपली निर्मलाबाई!”

“अन् नवरदेव पाह्य ना गा! शकुनबाईले मिशी फुटली!”

टेकचंदनं पेपर हिसकावून घेतला.

चित्रात दोन बाया एकमेकींना हार घालत होत्या आणि मधला भटजी डोकं खाजवत विचारत होता, “यातला नवरदेव कोण?” एकीची मान डावीकडे कललेली, डोळे मिटलेले. निर्मलाबाई वरचा सूर घेताना अशीच मान कलती करायची. दुसरीला झुपकेदार मिशी, पण एक खांदा खाली आणि कोपर बाहेर, जन्मभर डोक्यावर टोपली वाहिलेल्या शकुनबाईसारखं. ठोकळ्यावर सगळं उलटं होतं तेव्हा टेकचंदला काही दिसलं नव्हतं. आता सुलटं झालं आणि दिसलं.

त्या थंडीत सगळ्या पेपरांत एकच गोष्ट चालली होती. दूरच्या कुठल्याशा शहरात दोन नर्सबायांनी देवळात एकमेकींना हार घातले आणि आमचं लग्न लिहून घ्या म्हणून कचेरीत अर्ज दिला. मग पुढाऱ्यांची भाषणं झाली, वाचकांची पत्रं आली, आणि चित्रं तर विचारूच नका. संपादक यादोरावांनी टेकचंदच्या हातात कात्रणांचा गठ्ठाच दिला होता. एका चित्रात टोपीवाला पुढारी मूर्च्छा येऊन पडला होता. एकात लाल त्रिकोणवाला कुटुंबनियोजनाचा साहेब दोघींनाच हार घालत होता, न मागता टार्गेट पूर्ण झालं म्हणून. आणि बाकी बहुतेकांत एकीला मिशी होती.

“असंच काढ,” यादोराव म्हणाले होते. “मिशी ठेवजो. मिशी पाहून लोक हासतेतच.”

टेकचंदनं त्या नर्सबाया कधी पाहिल्या नव्हत्या. एकमेकींवाचून न राहणाऱ्या बाया त्यानं आयुष्यात दोनच पाहिल्या होत्या. हातानं त्याच काढल्या.

निर्मलाबाई एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली. शकुनबाई लग्न होऊन महिन्यात परतली आणि पुन्हा गेली नाही. मग एका साली दोघींनी गावासमोर ‘महाप्रसाद’चं नातं बांधलं. हा तिकडचा जुना रिवाज: देवाचा प्रसाद एकमेकींच्या तोंडात घालायचा, आणि त्या दिवसापासून जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. हाक मारायची ती ‘महाप्रसाद’ म्हणूनच. बावीस वर्षं त्या एका घरात होत्या. गावातली लग्नाची अक्षत दोघींना मिळून एकच जायची. त्या घरात खाटा किती, हे कोणी कधी मोजलं नव्हतं.

त्या दुपारी मांडवात कोणीतरी मोजलं. “खाट एक हाये का दोन गा?” आणि पुन्हा हसू.

निर्मलाबाई मांडवाच्या तोंडाशीच उभी होती. हातात टाळ. तिनं कोणाच्या तरी हातातला पेपर पाहिला, नीट, वेळ घेऊन पाहिला. मग विठोबाच्या फोटोपुढं टाळ ठेवले, वाकून नमस्कार केला आणि निघून गेली.

त्या दिवशीचं कीर्तन टेकचंदला आठवतच नाही. जागेश्वरबुवा साकोलीकडचे, पहाडी गळ्याचे. त्यांनी अभंग घेतला, ध्रुपदाला हात उंचावला, आणि उजवीकडून काहीच आलं नाही. बुवांनी एकदा वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशीही जागा रिकामी. तिसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. काल्याच्या लाह्या दरवर्षी शकुनबाई फोडायची, सप्ताहभर तिच्या अंगणातून तापल्या रेतीचा आणि धानाचा खमंग वास गल्लीभर यायचा. यंदा तिची चूल गार होती.

टेकचंदला कळलं, की आपण एका चित्रानं सप्ताहाचा सूरही नेला आणि काल्याचा घासही. निर्मलाबाई काल्याला आली नाही, तर ती पुन्हा कधीच गाणार नाही. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, पण त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

तो त्यांच्या घरी गेला. दाराशी बांबूची ताटी लावलेली.

“शकुनमावशी.”

“ये बापा,” आतून आवाज आला. “नवरदेव पाहाले आला काय? पाह्य, मिशी अजून वाढली का ते.”

“मावशी, चुकलो. मी तुमाले नोहोतं काढलं. आईची शप्पथ. माह्या मनातच नोहोतं.”

ताटी थोडी सरकली. शकुनबाईचा चेहरा रागाचा नव्हता, थकलेला होता. “मनात नसन. हातात होतं ना? तुह्या हाताले माहीत होतं आमी कोण हाओ ते. गावालेई माहीत होतं. त्याच्यात हासासारखं आजपावतो कोणाले काही दिसलं नाही. तू मिशी काढली अन् दिसलं.”

“सगळेच मिशी काढतेत, मावशी.”

“कायले?”

टेकचंदनं शाईची बोटं सदऱ्याला पुसली.

“मिशीवाला पाहिजेच काय रे? दोघी बायाच असल्या त चित्र पुरं नाही होत?” आत, अंधाऱ्या ओसरीत, निर्मलाबाई पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. तिच्याकडं पाहत शकुनबाई हळू आवाजात म्हणाली, “महाप्रसादनं तीन दिवस झाले, गुणगुणलं बी नाही. बावीस वर्सं मी तिच्या आवाजानं उठतो. आता कोंबड्याच्या आवाजानं उठतो. मले माफी नको मागू. कागदावर केलं, कागदावरच पाह्य काय होते ते.”

ताटी लागली.

संध्याकाळी टेकचंद बुवांच्या पायाशी बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. बुवा पान लावत होते. त्यांनी ना बायांना नावं ठेवली, ना त्याला.

“तू झांज वाजवतोस ना?” ते म्हणाले. “ताल चुकला त काय करतोस? मधातच थांबून रडतोस काय?”

“नाही बुवा. गप राहातो. पुढच्या समेवर येऊन मिळतो.”

“मंग तुही सम कधी हाये?”

टेकचंदनं बोटं मोजली. ‘वैनतीर’चा पुढचा अंक सातव्या दिवशी छापला जाणार. आठव्या दिवशी काला.

पण काढायचं काय? चौथा आणि पाचवा दिवस कोऱ्या लिनोलियमपुढं गेला. माफीचं चित्र काढावं तर त्या दोघी पुन्हा कागदावर येणार. न काढावं तर मिशी तशीच राहणार.

सहाव्या दिवशी दुपारी तो तलावाच्या पाळीवर जाऊन पडला. माघाचं ऊन अंगावर गोधडीसारखं ऊबदार. पाणी स्थिर, त्यात आभाळ उलटं कोरलेलं. मांडवातून टाळांचा आवाज झिरपत येत होता, लांबून, जणू पाण्याखालून कोणी भजन करत असावं. डोळे जड झाले. झोप म्हणावी तर नव्हती, जाग म्हणावी तर तीही नव्हती. आणि त्या गुंगीत त्याला दिसलं, की पलीकडच्या घाटावर एक पांढरं कापड हवेत उभं आहे. कोणी धरलेलं नाही, कशाला बांधलेलं नाही, नुसतं उभं, आणि वाऱ्यानं फुगतं आहे. श्वास घेतल्यासारखं. खाली चार पाय. दोन या टोकाला, दोन त्या टोकाला.

वाटलं, कुठंतरी मंगलाष्टका चालू आहेत. त्यांचा शेवटचा ‘सावधान’ हवेत अडकून राहिला आहे आणि अंतरपाट काही खाली येत नाही. कापडाआडच्या दोघांना वाट पाहून पाहून वय झालं, तरी येत नाही.

तो उठून बसला. कापड तसंच होतं. ते निर्मलाबाईचं धुतलेलं लुगडं होतं. दोघी आडव्या लुगड्याआड, दोन टोकांना, काठ हातांनी वर धरून वाऱ्यावर वाळवत उभ्या होत्या. चेहरे दिसत नव्हते. धानाच्या रोवणीच्या चिखलानं वर्षानुवर्षं भेगाळलेले पाय तेवढे दिसत होते. लुगडं वाळलं. दोघी एकमेकींकडे चालत आल्या, टोकाला टोक लागलं, घडी झाली. बस, एवढंच. टेकचंद मात्र पाळीवरून धावत सुटला.

सातव्या दिवशी सकाळच्या बसनं तो तुमसरला छापखान्यात पोचला तेव्हा पान बांधून तयार होतं, मधोमध ठोकळ्याची जागा रिकामी. यादोरावांनी पहिला ठसा काढून पाहिला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

चित्रात एक लांबलचक अंतरपाट होता. तो धरायला ही रांग लागली होती: टोपीवाला पुढारी, लाल त्रिकोणवाला साहेब, पोथीवाला भटजी, बपेऱ्याचे सरपंच धनीराम, चष्मेवाला एक संपादक, आणि शेवटी कानावर छत्रीची काडी खोचलेला एक पेंटर. सगळे घामाघूम. सगळ्यांना मिशा. कापडाखाली फक्त चार पाय, भेगाळलेले, जोडव्यांवाचून. खाली लिहिलं होतं: ‘मंगलाष्टका केव्हाच संपल्या. आम्हीच सोडत नाही.’

“यात हासाचं कोठी हाये बे?”

“तुमच्यावर हासा ना, यादोरावजी.”

“माह्यं नाक एवढं हाये?”

“कमीच काढलं.”

यादोराव चिडले. म्हणाले, अशानं पेपर बंद पडंन, पत्रं येतीन, लोक दारात येतीन. टेकचंद उभाच राहिला. “दुसरा ठोकळा नाही माह्यापाशी. जागा कोरी सोडा, नाही त हे छापा. अन् हे नाही छापलं त माह्या हातचा ठोकळा याच्यापुढं येनार नाही.” पायानं चालवायच्या ट्रेडल यंत्रावरचा माणूस पाय थांबवून वाट पाहत होता. यादोरावांनी ठसा पुन्हा उचलला, स्वतःचं नाक बोटानं चाचपलं, आणि त्यांना हसू आवरेना. “छाप,” ते म्हणाले. “पन धनीराम माह्यासंगं बोलनार नाही महिनाभर.”

काल्याच्या सकाळी मांडव भरला. टेकचंदनं रात्रीच्या बसनं आणलेला अंक हातोहात फिरत होता. लोक चेहरे ओळखत होते आणि ज्याचा त्याचा चेहरा त्याला दाखवून हसत होते. धनीराम सरपंच आधी लाल झाले, मग म्हणाले, “म्या त मधात नुसता हात लावला हाये, टोक त पुढाऱ्यानं धरलं हाये!” पाय कोणाचे, हे मात्र कोणी विचारलं नाही. खाटांचं विचारणाऱ्यानं त्या पायांकडं पाहिलं आणि अंक घडी घालून खिशात ठेवला.

बायांच्या ओळीतली जागा रिकामीच होती.

काला दह्यादुधानं तयार होता, पण लाह्यांवाचून. बुवांनी नमन केलं. कृष्णानं सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकात कालवल्या तो प्रसंग लावला. कोणाची भाकर कोणती, हे मग खुद्द देवालाही निवडता येईना, असं बुवांनी सांगितलं. त्यांनी अभंग घेतला. ध्रुपदाला हात उंचावला.

आणि मागून, मांडवाच्या तोंडाकडून, आवाज आला. एका आठवड्याच्या मुकेपणानं जरा खरखरीत, पण तोच. घाई नाही, धडपड नाही. सगळा मांडव वळला. टेकचंद वळला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, हातातली झांज थांबली होती. सबंध सप्ताहात चुकला नाही असा ताल त्याचा तेव्हा चुकला. तो गप राहिला, आणि पुढच्या समेवर जाऊन मिळाला.

निर्मलाबाई गात गात पुढं आली. मान डावीकडे कललेली. तिनं फोटोपुढचे टाळ उचलले. तिच्यामागं शकुनबाई, डोक्यावर लाह्यांची टोपली, एक खांदा खाली, कोपर बाहेर. लाह्या अजून कोमट होत्या. पहाटेच फोडल्या असाव्यात. काल्याच्या हंड्यात तिनं टोपली उपडी केली, तेव्हा धानाचा तो वास मांडवभर झाला, आणि म्हाताऱ्या गोदावरीबाईनं सरकून ओळीत दोघींसाठी जागा केली. दोघींसाठी मिळून एक.

काला वाटताना शकुनबाई टेकचंदपुढं आली. त्यानं ओंजळ केली.

“पाय बरोबर काढले तू,” ती म्हणाली. “डाव्या अंगठ्याची भेग बी सोडली नाही.”

“मावशी, माह्यावर राग...”

“राग होता. चित्रात तू बी कापड धरून उभा हायेस ना?”

“हाओ.”

“हात दुखत असन.”

टेकचंदनं ओंजळ आणखी पुढं केली.

“मंग सोड ना बापा,” शकुनबाई म्हणाली, आणि त्याची ओंजळ काल्यानं काठोकाठ भरली.

निर्मलाबाई मागंच उभी होती. गेल्या आठ दिवसांत पहिल्यांदाच ती त्याच्याशी बोलली. “तोंडं काहून नाही काढले रे?”

“विचारलं नोहोतं तुमाले.”

तिनं शकुनबाईकडं पाहिलं. शकुनबाईनं पदरानं तिच्या ओठाला लागलेलं दही पुसलं, साऱ्या मांडवासमोर, सावकाश.

“पुढच्या खेपेले विचारजो,” निर्मलाबाई म्हणाली. “अन् आमच्या महाप्रसादले मिशी नको काढू. तिचे ओठ असेच चांगले दिसतेत.”