केळ्याचा वास

कोबानीच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हते. देवाने जे काही दिलं ते सगळं हनुवटीखाली. त्या दाढीसकट त्याचा फोटो छापलेले फलक गावभर लागले होते, कारण दोन आठवड्यांनी गावचा राजा त्याला मानाचा किताब देणार होता. आणि नोकरी कसली? तर खाडीकाठी फुटलेल्या तेलनळीची घाण उपसणाऱ्या चाळीस माणसांच्या सुरक्षेची! रोज सकाळी हा शहाणा ओरडायचा, "दाढी असली की मुखवटा तोंडाला चिकटत नाही, विषारी वाफ आत शिरते. घरी जा, भादरून या!" स्वतःचं विचारलं की म्हणायचा, "मी कुठे खड्ड्यात उतरतो? मी आपला काठावर."

पण खड्ड्यातला माणूस पडला, तर काठावरच्यानेच उतरायचं असतं. म्हणून मुखवट्याच्या तपासणीतून त्याचीही सुटका नव्हती. मुखवट्याभोवती केळ्याच्या वासाची वाफ सोडायची. आत वास आला की माणूस नापास. फट बुजावी म्हणून कोबानीने दाढीला बोटबोट व्हॅसलीन चोपडलं. तपासणी घेत होता बारीडम, पंप चालवणारा. सगळ्यांसारखा तोही कोबानीला 'ओगा', म्हणजे साहेब, म्हणायचा.

"ओगा, वास येतोय?"

केळं काय, अख्खी बाग नाकात शिरली होती. "छे! कसला वास?"

बारीडमने कागदावर 'पास' लिहिलं. "मग झालं तर! तुमच्या जिवावर मी बिनधास्त उतरणार."

पुढची नुलीरा, काठावरचा चिखल ओढणारी पंचावन्न वर्षांची बाई. सगळे तिला आई म्हणत. कोबानीला चेव आला. "आई, तुला कशाला तपासायचं? दाढी कुठेय तुला?"

चौथ्या दिवशी पंप तुंबला. बारीडम कमरेला दोर बांधून, मुखवटा लावून खड्ड्यात उतरला. डोळ्यांत घाम गेला म्हणून त्याने मुखवटा जरासा वर केला आणि जागच्या जागी कोसळला. वरून दोर ओढला, तर तो पंपात अडकलेला.

"ओगा, उतरा! लवकर!" काठावरची माणसं ओरडली.

कोबानीने मुखवटा चढवला, शिडीच्या दोन पायऱ्या उतरला. दाढीतून पेट्रोलचा भपकारा सरळ आत आला. डोकं गरगरलं. तिसऱ्या पायरीवर पाय टाकवेना. तो खोकत, रडत वर आला आणि काठावर लोळला.

"सरक बाजूला!" नुलीराने स्वतःचा मुखवटा घट्ट केला, कमरेला दुसरा दोर बांधून घेतला. "दाढी नाहीये ना मला, नशीब माझं!" ती खाली गेली, अडकलेला दोर सोडवला. दहा जणांनी बारीडमला वर ओढलं. श्वास चालू होता, पण डोळे उघडत नव्हते.

संध्याकाळी कोबानी तिठ्यावरच्या न्हाव्याकडे जाऊन बसला.

"अहो, पण ते फलक?" न्हावी कळवळला.

"राहू दे त्यांची दाढी. त्यांना कुठे कुणाला वर काढायचंय?"

किताबाचा विचारही त्याला नकोसा झाला होता. दोन दिवस तो दवाखान्यात बारीडमच्या खाटेशी बसून राहिला. स्वतःच्या गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवायचा आणि स्वतःलाच शिव्या घालायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी बारीडमने डोळे उघडले. समोरच्या बोडक्या तोंडाकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"कोण तुम्ही?"

कोबानीला नाव सांगायचीही लाज वाटली.

"मला केळ्याचा वास आला होता रे, बारीडम," तो म्हणाला. "चांगला आला होता."