शेळ्यांची घंटी सायकलला

“चोर ती चोरच! भर सकालची माज्या शेल्या पलवतेस?”

“आजी, मी नाही हो पळवल्या! त्याच माझ्या मागे लागल्या!”

“तुज्या मागं? तू काय बोरीचा पाला हायेस?”

खारघरमधल्या एका सोसायटीच्या गेटवर हे भांडण रंगलंय आणि त्याचं मूळ मी. मी घंटी बोलतेय! सायकलच्या हँडलला बुटाच्या नाडीने बांधलेली. या दोघी दम खाईपर्यंत माझं ऐका.

मी काही देवळातली पितळी घंटा नव्हे, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही. ही ओरडणारी आजी म्हणजे पुतळाबाई. तिच्या नवऱ्याने, गोटीरामने, कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पाइपाचा तुकडा आणला, आत बोल्ट टांगला. झाले मी! सूर कुणी शिकवला नाही. वाजत वाजत माझी मीच शिकले. चांदी या म्होरक्या शेळीच्या गळ्यात बसले आणि अख्खा कळप माझ्या मागे डोंगर उतरू लागला. गोटीराम वारला, तरी सांजेला मी वाजले की पुतळाबाई म्हणायची, “आलं गो आमचं धनी, शेल्या घेऊन.”

मग गळ्यातला पट्टा कुजला. एका वळणावर, करवंदीच्या जाळीत पडले मी. शेजारून माणसं जात-येत, पण कानांत गाणी कोंबलेली. जंगलात येऊन जंगल न ऐकणारी जात ती!

मला उचललं ते या दुसरीने, संघमित्राने. महापेच्या ऑफिसात आठवडाभर वाकलेली ही पोर रविवारी सायकल घेऊन डोंगरावर येते. “वळणावर वाजवायला बरी,” म्हणाली आणि बांधलं मला.

आज सकाळी सुटलो आम्ही! सागाच्या बुंध्यांमधून डावीकडे, लगेच उजवीकडे. मुळांवरून धडधड, सुक्या पानांवरून सर्रकन. चाक घसरलं की किंकाळी, सावरलं की हसू. जन्मभर शेळीच्या चालीने डुललेली मी, आज गळा फाडून वाजले.

चांदीने कान टवकारले. माझा आवाज, एवढ्या दिवसांनी! ती पळाली, तिच्यामागे सगळा कळप, प्रत्येक वळण घेत थेट सोसायटीच्या गेटपर्यंत.

आता शेळ्या सोसायटीच्या बागेतली जास्वंद खातायत. वॉचमन सदू विचारतोय, “आजी, यांची एन्ट्री कुणाच्या फ्लॅटवर करू?”

“तुज्या सासऱ्याच्या!”

तेवढ्यात पुतळाबाईची नजर माझ्यावर पडली. तिने मला तळहातावर घेतलं.

“ही... कटं गावली तुला?”

“करवंदीत. तुमची आहे का, आजी? घ्या ना.” संघमित्रा नाडी सोडू लागली.

माझा तर जीव टांगणीला! एकीकडे चांदीचा उबदार गळा, दुसरीकडे तो वारा. पण मला विचारतंय कोण?

चांदी आली आणि पुढच्या चाकाला मान घासू लागली. पुतळाबाईने कळपावरून नजर फिरवली. मी हरवल्यापासून रोज झुडपाझुडपांत हाका मारत फिरायची ती. आज एकही शेळी मागे राहिली नव्हती, लंगडं पिल्लूसुद्धा.

तिने संघमित्राचा हात बाजूला सारून नाडीची गाठ पुन्हा आवळली, गेटजवळच्या सदूच्या खुर्चीत फतकल मारली आणि म्हणाली, “घंटी माजीच हाय; पन दर ऐतवारी सांजला माज्या शेल्या तूच खाली आनायच्या, मी हितं बसून चाय पिईन!”