बोटभर वाकडं

रहमतभाईंनी हिरासिंगचा उजवा हात मांडीवर ओढून घेतला आणि मनगटाच्या वर दोन बोटांवर अंगठा दाबला. पोरगं कळवळलं, पण ओरडलं नाही. हाड एकाच जागी मोडलं होतं. अशी हाडं रहमतभाई गप्पा मारता मारता बसवायचे. बोरी अरबच्या बाजारात कुणाचा हात मोडो की पाय, माणूस आधी या पहिलवानाच्या ओसरीवर यायचा, देवळात किंवा दर्ग्यात मग.

"सूज उतरू द्यायची का?" नागोराव गुरुजींनी दारातून विचारलं.

"आत्ताच बसवा लागते. उद्या उशीर होईन."

"मंग बसवा. पण सरळ बसवा, रहमतभाई. बाहेर अर्धा तांडा बसून हाय."

दोन वर्षांपूर्वी, महाराष्ट्र झाला त्या साली, भर बाजारात मोहल्ल्यातली आणि बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पोरं लाठ्या घेऊन एकमेकांच्या अंगावर गेली होती. कारण विचाराल तर आज कुणालाही धड सांगता येणार नाही. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यापासून गुरुजी गावातल्या कुठल्याच भांडणाकडे पाठ फिरवत नसत. त्यांनी दोन्हीकडची जाणती माणसं बसवून कमिटी केली. कमिटीने पोरांच्या लाठ्या काढून घेतल्या आणि त्यांना आखाडा दिला. नियम एकच. मोहल्ल्यातल्या पोराने तांड्यावरच्या पोराच्या पाठीला माती चोळायची, त्याने याच्या, आणि मगच कुस्ती धरायची. भांडायचं असेल तर मातीत भांडा, गुरुजी म्हणायचे. लोक आधी हसले. पण तेव्हापासून बाजारात लाठी उठली नव्हती, हेही खरं.

आणि आज त्याच मातीत, मोहल्ल्यातल्या जफरच्या अंगाखाली सापडून तांड्यावरच्या हिरासिंगचा हात मोडला. सरळ जुळला तर ते आखाड्यातलं दुखणं, चार दिवसांत लोक विसरतील. वाकडा राहिला तर मोहल्ल्याने डाव साधला असं तांडा म्हणणार, आणि पुढच्या बाजाराला काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

रहमतभाईंना हे कळत नव्हतं असं नाही. पण दोन वर्षांपूर्वी बाजारात लाठी ज्याच्या मनगटावर बसली तो जहीर त्यांचा एकुलता एक मुलगा होता, आणि ती लाठी मारणारा हात आज आपल्या पायांनी चालत त्यांच्या मांडीवर आला होता. कमिटीत त्यांनी मान डोलावली होती ती गुरुजींच्या भिडेखातर. मनातून त्यांनी हा हात किती वेळा पिरगाळला होता त्याला गणती नाही. जहीरचं मनगट वाकडं जुळलं होतं. घास तोंडाशी नेताना त्याला मान खाली घालावी लागे, आणि ते बघून बाप ताटावरून उठून जाई. कळंबच्या जत्रेत कुस्ती मारून आलेलं पोर आता आखाड्याच्या काठावर बसून दुसऱ्यांच्या कुस्त्या बघत असे.

"जहीर, कोपर धर याचं."

जहीर उकिडवा बसला आणि त्याने हिरासिंगचं कोपर दोन्ही हातांनी धरलं. दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते, पण एकाने दुसऱ्याकडे पाहिलं नाही.

रहमतभाईंनी पंजा धरून हात ओढला. हाड सरकलं. अजून बोटभर ओढलं असतं तर जागच्या जागी बसलं असतं. त्यांनी तिथेच हात थांबवला.

कोण विचारणार होतं? पोराने हात हलवला असेल म्हणायचं. हाड बसवणाऱ्याची चूक देवाच्या नावावर खपते. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना बरं वाटलं, अगदी पोटातून बरं वाटलं. आता खा म्हणावं मान खाली घालून. त्यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकात भिजवलेला कापूस हातावर थापला, वर बांबूच्या कामट्या मांडल्या आणि जहीरला त्या दाबून धरायला सांगितलं. जुन्या धोतराच्या पट्टीचे दोन वेढेही दिले.

"अब्बा," जहीर हळूच म्हणाला, "बसलं नाही हे."

"बसलं. तू धर."

"माया बोटाले गाठ लागून राह्यली."

"सूज हाय ते."

"मायं मनगट बांधलं तवाबी अशीच गाठ होती."

रहमतभाईंच्या हातातली पट्टी थांबली. त्या संध्याकाळी त्यांना हाड बसवायचं नव्हतंच. त्यांना लाठी घेऊन तांड्यावर जायचं होतं. डोळ्यांत रक्त उतरलेलं, बोटं ठिकाणावर नव्हती. तशात घाईघाईने पट्टी आवळून ते उठले, आणि गल्लीच्या तोंडाशी गुरुजींनी कंबरेला मिठी मारून अडवलं म्हणून परतले. परत येऊन त्यांनी ती पट्टी सोडून पाहिली नाही. मनगट वाकडं जुळलं तेव्हा सगळं पाप त्यांनी हिरासिंगच्या माथी मारलं, आणि मग रोज मारत राहिले.

"तुले तवाच समजलं होतं?"

"हव."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुमचे हात थरथरून राह्यलते."

हिरासिंग भिंतीकडे तोंड करून सगळं ऐकत होता. रहमतभाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा राग पुन्हा उसळून आला. चूक आपली होती म्हणून काय झालं, मोडणारा तर हाच होता.

"लाठी तं यानंच मारली ना? मंग भोगू दे त्याले."

"यानंच मारली. पण ते त्याचं न् मायं हाय. तुमी मंधात येऊ नका."

जहीरचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता.

"मले याले कळंबच्या जत्रेत पाडायचं हाय, चारचौघांत. हात वाकडा राह्यला तर लोक म्हणतीन, लुळ्याले पाडलं. मग मले काय भेटलं? तुमी याचा सरळ बसवा. माया वाकडाच राहू द्या, मी तेवढ्यानंच पाडतो याले."

हिरासिंगने पहिल्यांदा मान वळवली. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते.

"येजो," तो म्हणाला. "मीबी कुठं पळून नाही राह्यलो."

"बोलू नोको," जहीर म्हणाला. "हात हलते."

जहीरने खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्याची घडी केली आणि हिरासिंगच्या तोंडापुढे धरली. हिरासिंगने ती दातांत धरली. मग जहीरने पुन्हा त्याचं कोपर घट्ट पकडलं आणि बापाकडे बघत राहिला.

बाहेर कुणीतरी उठून उभं राहिल्याचा आवाज झाला. गुरुजींनी दारातून आत डोकावलं.

"झालं का, रहमतभाई? याचा बाप धरमसिंग विचारून राह्यला, पोराले घरी नेऊ का म्हून."

रहमतभाई खाली बघून पट्टीचे वेढे एकेक उलगडत होते.

"थांबा जरा, गुरुजी," ते म्हणाले. "अजून बसवलं नाही."