नोला, चहा!

त्या दिवशी मी उठले तीच गाणं म्हणत. क्लेमनं उशी कानावर ओढली आणि आतून पुटपुटला, "अगं, अजून कोंबड्यासुद्धा उठल्या नाहीत."

"कोंबड्यांना कुठे टूर न्यायची आहे?" मी म्हटलं.

मला न्यायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून निघायचं, फिंक नदीच्या कोरड्या पात्रातून खाली उतरायचं आणि वाळवंटाच्या कडेकडेनं मुक्काम करत परत यायचं. या वाटेनं मी इतक्यांदा गेले आहे की पात्रातली झाडंही मला ओळखत असतील. पण दर वेळी स्वयंपाकीण म्हणून. पुढे क्लेम, हातात गाडी आणि तोंडात गोष्टी. मागे मी, मांडीवर बटाट्यांची पिशवी. गेल्या उन्हाळ्यात क्लेमच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला पाहुण्यांची गाडी चालवायला साफ मनाई केली. आमच्या टूर कंपनीची मालकीण रोंडा म्हणाली, आता बाहेरून कुणीतरी वाटाड्या आणावा लागणार. मी म्हटलं, बाहेरून कशाला? मी काय मेले आहे? रस्ता मला पाठ आहे, जड गाडीचा परवाना माझ्याकडे आहे, आणि क्लेमच्या सगळ्या गोष्टी मी त्याच्यापेक्षा बऱ्या सांगते.

रोंडा हसली नाही, हा तिचा मोठेपणा. म्हणाली, "क्लेमच्या परीक्षेत पास हो, टूर तुझी. नाही झालीस तर शेजारच्या कंपनीतल्या त्या उंच पोराला फोन करते. तो बॅग भरूनच बसलाय."

क्लेमची परीक्षा अख्ख्या गावात बदनाम आहे. वाटाड्यानं गाडी स्वतःच्या हातानं भरायची. मग क्लेम त्याच्या डोळ्यांवर भांडी पुसायचं फडकं बांधणार आणि एकेका वस्तूचं नाव घेणार. दुसरं काहीही न हलवता त्या वस्तूवर हात पडला पाहिजे. नापास झालात तर गाडी पूर्ण रिकामी करायची, पुन्हा भरायची आणि सूर्य मावळायच्या आत एकदाच पुन्हा परीक्षा द्यायची. चांगले दांडगे गडी तिथे गार झाले आहेत. एकानं मलमपट्टीची पेटी म्हणून ग्रीसचा डबा काढून दिला होता. मी बायको आहे म्हणून तो मला सवलत देईल असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं क्लेमबरोबर एकदा पत्ते खेळून बघावेत.

आम्ही आवारात पोचलो तेव्हा जूनची, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातली, थंडी बोटांना चावत होती आणि आभाळ असं निळं होतं की उगाच हसू यावं. मी आधी सगळे स्वॅग उन्हात पसरले. दर टूरच्या आधी हे जाड कॅनव्हासचे बिछाने उघडून झटकावेच लागतात, नाहीतर आत घर केलेला कोळी पाहुण्यालाच पहिल्या रात्री भेटतो. एकातून लाल पाठीची एक बया निघालीच. तिला मी काडीवर घेतलं आणि कुंपणापलीकडे सोडून आले. येताना चक्क उड्या मारत आले. साठीला टेकलेल्या बाईनं मारू नयेत तशा.

"काय घेतलंय सकाळी सकाळी?" डगलनं विचारलं. हा आमचा नवा स्वयंपाकी. खाणीवरच्या भोजनगृहात शेकडो माणसांना जेवू घालून आलेला, दाराएवढा रुंद आणि स्वभावानं लोण्यासारखा. त्यानं लसूण चिरडायची दोन यंत्रं आणली होती.

"दोन कशाला रे?"

"एक हरवलं तर?"

"डगल, वाळवंटात दगड असतात."

मग मी जीभ चावली. स्वयंपाकघर आता त्याचं होतं. मी त्यात नाक खुपसणार नाही असा शब्द दिला होता, आणि तो दुपारपर्यंत तरी पाळायचा होता. गाडीमागे जोडायचा ट्रेलर म्हणजे स्वयंपाकघर: पीठ, भाज्या, लोखंडी भांडी, सगळं तिथे. गाडी मात्र माझी होती.

गाडीच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या वर, एक छोटा कप्पा आहे. सगळ्यात सोयीचा. क्लेमच्या काळात त्यात चहाचं सामान असायचं: चहापत्तीचा डबा, पेले, थोडं वाळलेलं सरपण आणि बिली, म्हणजे तारेची कडी असलेला, धुरानं काळाठिक्कर पडलेला पाणी उकळायचा डबा. तो कप्पा उघडला आणि माझं डोकं फिरलं. त्या बिलीशी माझं जुनं भांडण होतं. गाडी कुठेही अडकली, चाक फुटलं, वाट चुकली, की क्लेमची पहिली हाक ठरलेली: "नोला, चहा!" पोरांना अंगणात पिटाळावं तशी. पुरुष माणसं फावडी घेऊन शहाणपणाच्या गप्पा मारणार आणि मी लांब झाडाखाली फुंकर घालत बसणार. मला चाक काढता येतं. मला वाळू वाचता येते. पण कधी कुणी विचारलं?

"डगल," मी हाक मारली, "हे सगळं तुझ्याकडे ठेव. चहा म्हणजे स्वयंपाकघर."

त्यानं निमूटपणे ते ट्रेलरच्या कपाटात, पिठाच्या पोत्यामागे सारलं. रिकाम्या कप्प्यात मी चाकात हवा भरायचा पंप ठेवला, बरोबर हवा मोजायचं गेज. फावडी दारापाशी, चाकाखाली घालायच्या पट्ट्या वरच्या कडीला, जॅक आसनाखाली. मग मी लांब जाऊन गाडीकडे बघितलं. इतकी देखणी भरलेली गाडी मी तरी पाहिली नव्हती. माझं मलाच कौतुक वाटलं आणि ते मी लपवलं नाही.

जेवणानंतर क्लेम आला. इस्त्रीचा शर्ट घालून! हातात पोपटांची चित्रं असलेलं आमच्याच घरचं फडकं. मागोमाग रोंडा आली आणि उपड्या खोक्यावर बसली.

"घट्ट बांधू नकोस, केस ओढतात," मी म्हटलं.

"परीक्षार्थींनी बोलू नये."

अंधार झाला. क्लेम म्हणाला, "जॅक."

माझा हात जॅकवर.

"मलमपट्टी."

ती हातात घेऊन मी त्याला वाकून नमस्कारच केला. डगल हसला. सॅटेलाइट फोन, दोर, विजेरी, पाण्याची दुसरी टाकी. तो नाव घ्यायचा आणि माझा हात आधीच निघालेला असायचा. काय सांगू, पोटात गुदगुल्या होत होत्या! उद्या पुढच्या सीटवर मी बसणार, नदीच्या वळणावर "आता उजवीकडे बघा" असं मी म्हणणार. मनातल्या मनात मी निघालेसुद्धा होते.

"शेवटचं," क्लेमचा आवाज आला. "फिंकच्या पात्रात आहोत. भर दुपार. मागची चाकं निम्मी वाळूत. सगळे पाहुणे खाली उतरलेत. पहिल्यांदा काय काढतेस?"

"फावडं."

"नाही."

"थांब, थांब. गेज. आधी चाकांतली हवा कमी करणार."

"नाही."

"पट्ट्या? फोन? अरे, मग काय, बँडबाजा काढू?"

"तुझ्या पाठीमागे माणसं उभी आहेत. ती काय करतायत?"

"मला काय माहीत! माझ्या डोळ्यांवर पोपट बांधलेत."

"गाडी अडकते तेव्हाही असंच होतं. तुझे डोळे चाकावर असतात. मागे एक जण टोपी न घालता मदत शोधायला नदीतून चालत सुटलाय. नवरा-बायकोचं भांडण जुंपलंय, इथे यायची कल्पना कुणाची होती यावरून. एक गृहस्थ तुझंच फावडं घेऊन भलत्याच बाजूला खणतायत. एक आजी गप्प बसल्यात, आणि त्यांचे ओठ थरथरतायत. आता सांग. पहिल्यांदा काय?"

माझा हात डाव्या कप्प्यात होता. बोटांखाली पंपाचं गार लोखंड होतं. पण हातानं चाचपलं ते दुसरंच काहीतरी, तारेची कडी असलेलं, आणि ते तिथे नव्हतं.

"बिली," मी म्हटलं.

"कुठे आहे?"

"ट्रेलरमध्ये. पिठाच्या पोत्यामागे."

"नापास."

मी फडकं ओरबाडून काढलं. "नापास? मला? आयुष्यभर मला चहाला पिटाळलंस तू! काही झालं की 'नोला, चहा', 'नोला, चहा'. बाईनं मधे मधे येऊ नये म्हणून! आणि आता त्याच काळ्या डबड्यापायी मला नापास करतोस?"

रोंडानं आपल्या बुटांकडे बघायला सुरुवात केली.

"पिटाळलं?" क्लेम म्हणाला. "अगं, मला भीती वाटायची."

"कुणाला? तुला?"

"दर वेळी. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहायचे आणि मला पुढचं काही सुचायचं नाही. हात कापायचे माझे. खिशात घालायचो ते. तू बिली ठेवलीस की सगळे तिकडे वळायचे. तू एकाला सरपण मोडायला लावायचीस, आजींना पेले पुसायला द्यायचीस. पाणी उकळेपर्यंत मला डोकं परत मिळायचं. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत आम्ही एका ताटात जेवलो नाही एवढंच, बाकी सगळं बरोबर केलं, आणि हे मला ठाऊक नव्हतं. राग होता तिथे आता काहीच नव्हतं. आणि मग, खरं सांगते, छातीत आनंदाचा असा भडका उडाला की मला ओरडावंसं वाटलं. म्हणजे मी आजवर मागे बसून नुसते बटाटे सांभाळत नव्हते!

"मग फोन करू का त्या पोराला?" रोंडानं विचारलं. तिनं फोन बाहेर काढला होता.

"खबरदार," मी म्हटलं. "सूर्य कुठे मावळलाय?"

गाडी रिकामी केली. सगळी. फावडी, दोर, टाक्या, ढिगानं स्वॅग. कुणी हात लावायचा नाही असा नियम, त्यामुळे डगल बिचारा हाताची घडी घालून उभा राहिला. क्लेमला तर वजन उचलायला बंदीच. तो खोक्यावर बसून स्वतःचे गुडघे चोळत होता. घामानं माझा शर्ट पाठीला चिकटला आणि तरी मी गाणं म्हणत होते. पंपाला आसनाखाली, जॅकच्या शेजारी जागा मिळाली. डाव्या कप्प्यात बिली परत आली, तिच्या पोटात चहापत्ती, शेजारी पेले आणि सरपण. टेकड्या जांभळ्या झाल्या तेव्हा क्लेमनं दुसऱ्यांदा फडकं बांधलं आणि या वेळी माझी एकही वस्तू चुकली नाही. गाठ सोडायला मात्र त्यानं फार वेळ लावला.

"ठीक आहे," तो म्हणाला.

क्लेमच्या तोंडून 'ठीक आहे' ऐकलेली माणसं अ‍ॅलिसमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. रोंडानं किल्ली माझ्याकडे फेकली. मी ती झेलली आणि मग त्या दाराएवढ्या डगलला मिठी मारली, कारण तो सगळ्यात जवळ होता.

सकाळी पाहुणे जमले. तोंडांतून वाफा निघत होत्या, पायांत कोरे करकरीत बूट. आवारात अर्ध्या पिंपात शेकोटी पेटवली होती, तिच्याभोवती सगळे हात शेकत उभे होते. मी नावं विचारली, बॅगा चढवल्या, एक विनोद सांगितला. तो क्लेमचाच होता, पण माझ्या तोंडून जास्त हशा झाला. सगळे गाडीत चढले. मी पुढच्या सीटवर बसले. गाडी सुरू केली आणि ती घरघर माझ्या पायांतून वर आली तेव्हा मी लहान मुलीसारखी हसले.

क्लेम गाडीभोवती फिरत होता. ट्रेलरची कडी ओढून पाहिली. एका चाकाला लाथ मारली. मग पुन्हा कडी ओढून पाहिली. शेवटी माझ्या खिडकीपाशी आला.

"तिसऱ्या वळणावर वाळू मऊ आहे."

"माहीत आहे."

"फोन चार्ज..."

"केलाय."

"हवा..."

"बघितली, क्लेम."

"हं," तो म्हणाला. खिडकीची कड त्यानं सोडली नाही. दुसरा हात खिशात होता. खिशातला तो हात मी बघितला आणि मला आता कुणी काही सांगायची गरज नव्हती. गाडी जाणार होती, आणि तिच्याशिवाय घरी कसं जायचं हे त्याला सुचत नव्हतं.

मी इंजिन बंद केलं.

"काय झालं?" डगल मागून ओरडला. "उशीर होतोय!"

मी खाली उतरले, न बघता डाव्या कप्प्यात हात घातला आणि बिली काढली. पाणी भरून पिंपातल्या निखाऱ्यांवर ठेवली. पाहुणे खिडक्यांतून माना काढून बघत होते.

"अगं, अजून फाटकाबाहेरही पडली नाहीस," क्लेम म्हणाला.

"गप्प बस आणि पेला पूस."

त्यानं पुसला. पाणी उकळेपर्यंत आम्ही दोघं शेकोटीपाशी नुसते उभे राहिलो. मी चहापत्ती टाकली, पत्ती तळाला बसावी म्हणून बिली तीनदा टकटकवली, पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"क्लेम," मी म्हटलं, "चहा."

त्यानं खिशातला हात बाहेर काढला आणि पेला दोन्ही हातांत धरला. एक घोट घेतला, मग आणखी एक. मग माझ्याकडे बघून हसला.

"आता जा," तो म्हणाला.

आणि मी गेले. फाटकातून बाहेर पडताना हॉर्न इतका वाजवला की गावातली सगळी कुत्री उठली.